कंपवाताचा घरखर्च

कंपवात म्हणजे पार्किन्सन्स हा मेंदूचा हळूहळू वाढत जाणारा आजार आहे. मेंदूच्या तळाकडे ‘सबस्टँशिया निग्रा’ नावाचा एक लहानसा काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात आणि शरीराच्या हालचाली त्याच्या भरवशावर सुरळीत चालतात. या पेशी मरू लागल्या की हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, हातापायाला कंप सुटतो, तोल जाऊ लागतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे पहिले नेटके वर्णन केले आणि पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले. त्यानंतर दोनशे वर्षे उलटली, तरी पेशींचे मरणे थांबवणारे औषध सापडलेले नाही. आज मिळणारी औषधे लक्षणे आटोक्यात ठेवतात, मूळ आजार पुढे सरकतच राहतो.

या वैद्यकीय वस्तुस्थितीतच आर्थिक प्रश्नाचे मूळ आहे. कंपवात झटपट जीव घेत नाही. निदानानंतर माणूस दहा, पंधरा, कधी वीस वर्षेही जगतो. हृदयविकाराचा झटका किंवा अपघात घरावर एकदम मोठा खर्च आणतो. कंपवात दर महिन्याला थोडे मागतो, दर वर्षी त्याहून थोडे जास्त मागतो आणि ही मागणी कधीच थांबत नाही. तो मागतो त्यात पैसा असतो, तसाच घरातल्या माणसांचा वेळ, झोप आणि नोकरीही असते. या आजाराच्या खर्चाचा मोठा वाटा औषधाच्या दुकानाच्या पावतीवर कधी उमटतच नाही. विमा, सरकारी योजना आणि सवलती मात्र रुग्णालयाच्या बिलाभोवती रचलेल्या आहेत. घर जिथे खचते तिथे आधार नाही आणि आधार आहे तिथे या आजाराचा फारसा खर्च नाही, ही विसंगती समजून घ्यायची तर खर्चाचा एकेक थर उलगडून पाहावा लागतो.

आजाराचा पसारा

जगात १९९० मध्ये कंपवाताचे सुमारे २५ लाख रुग्ण होते. २०१६ पर्यंत ही संख्या ६१ लाखांवर गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये ती ८५ लाखांच्या पुढे होती. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या आजारांत कंपवात मोडतो. वाढीचे मुख्य कारण लोक जास्त जगू लागले हे आहे. साठीनंतर साधारण शंभरांत एकाला हा आजार गाठतो आणि पुढे वयाबरोबर शक्यता वाढत जाते.

वयाचा हा परिणाम मुंबईत फार आधी दिसला होता. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन तपासणी केली गेली. तिथे लाखामागे सुमारे ३२८ जणांना कंपवात आढळला. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्यामुळे हा आकडा इतका चढा होता. वयोमान वाढलेल्या समाजाचे चित्र कसे असेल, याची ती आगाऊ सूचनाच होती. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचे प्रमाण गोव्यात ११.२ टक्के आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. दोन्हीकडे ते वाढतच जाणार आहे. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी आणि आईवडील गावी, अशी घरेही त्याबरोबर वाढत आहेत. रुग्ण वाढत असताना त्यांना सांभाळणारे हात मात्र कमी होत आहेत.

निदानाआधीचा खर्च

कंपवाताचा खर्च निदानाच्या दिवशी सुरू होत नाही, तो त्याच्या बराच आधीपासून चालू असतो. थरथर दिसेपर्यंत डोपामिन तयार करणाऱ्या पेशींतल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. त्याआधीच्या काळात शरीर वेगळ्याच खुणा देत असते: वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे, खांदा आखडणे, उदास वाटणे. रुग्ण आखडलेला खांदा घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे जातो, एक्स-रे होतो, शेक घेतला जातो. बद्धकोष्ठतेसाठी वेगळा डॉक्टर, उदासपणासाठी तिसरा. बऱ्याच रुग्णांना कंप नसतोच, नुसता ताठरपणा आणि मंदपणा असतो. तो ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून दिला जातो.

कंपवात ओळखणारी खात्रीची रक्ततपासणी रोजच्या वैद्यकीय व्यवहारात नाही. जाणत्या डॉक्टरने चाल, चेहरा, अक्षर आणि बोटांची हालचाल पाहून निदान करायचे असते. असे मेंदूविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. गडचिरोली, नंदुरबार किंवा सिंधुदुर्गातल्या रुग्णाला तपासणीची फी थोडी आणि प्रवास, मुक्काम, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी हा खर्च तिच्या कितीतरी पट पडतो. औषधाची मात्रा जुळवायला एकदा जाऊन भागत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तीच फेरी करावी लागते.

गोळी, तिचे घड्याळ आणि तिची किंमत

कंपवाताचे मुख्य औषध लेवोडोपा. १९६० च्या दशकात ते वापरात आले आणि आजही त्याहून प्रभावी दुसरे औषध नाही. कार्बिडोपासोबतची त्याची गोळी राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे तिच्या किमतीवर सरकारचे नियंत्रण असते. सुरुवातीच्या वर्षांत औषधाचा खर्च मध्यमवर्गीय घराला पेलतो. शेतमजुराच्या किंवा पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घराला मात्र तोही जड जातो, कारण ही गोळी आयुष्यभर, एकही दिवस न चुकवता घ्यायची असते. पैसे संपले म्हणून ती अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. ताप, टोकाचा ताठरपणा आणि शुद्ध हरपणे इथपर्यंत मजल जाते.

चार-सहा वर्षांनी चित्र बदलते. गोळीचा असर पूर्वीसारखा टिकत नाही. घेतल्यावर तासाभरात शरीर मोकळे होते, तीन तासांनी पुन्हा जखडते. याला रुग्ण ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. गोळ्यांची संख्या वाढते, सोबत दुसरी, तिसरी औषधे येतात आणि महिन्याचे बिल कित्येक पटींनी चढते. काहींच्या शरीराला नको असलेल्या वेड्यावाकड्या हालचाली सुरू होतात. त्या आवरायला आणखी एक औषध लागते.

या टप्प्यावर घरातले घड्याळ गोळीच्या तालावर चालू लागते. सकाळी सहाला पहिली गोळी, मग दहा, दोन, सहा, रात्री दहा. लेवोडोपा आणि अन्नातली प्रथिने आतड्यातून शोषली जाताना एकमेकांच्या आड येतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी लागते. वरण, उसळ, अंडे, पनीर कधी वाढायचे हेही गोळीवर ठरते. स्वयंपाकाच्या वेळा, पाहुण्यांचे जेवण, लग्नाला किती वाजता निघायचे हे सारे त्या पाच वेळांभोवती फिरते. एक गोळी तासभर उशिरा गेली तर माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. मग ठरलेली रिक्षा परत पाठवावी लागते आणि डॉक्टरांची वेळ हुकते. पावतीवर या गोळीची किंमत काही रुपये असते. ती वेळेवर दिली जावी म्हणून घरातल्या कुणाला तरी दिवसभर जागचे हलता येत नाही. तिची दुसरी किंमत ती आहे.

डोपामिनसारखा परिणाम करणाऱ्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांचा एक धोका थेट पैशाशी जोडलेला आहे. काही रुग्णांत ती मनावरचा लगाम सैल करतात. जुगार, बेसुमार खरेदी, अति खाणे, अनावर लैंगिक इच्छा असे विकार उद्भवतात. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३.६ टक्के रुग्णांत असा किमान एक विकार आढळला. आयुष्यभर पै-पै जपलेला माणूस अचानक ऑनलाइन जुगारात पैसे घालवू लागला, तर घरचे त्याच्या स्वभावाला दोष देतात. दोष औषधाचा असतो आणि मात्रा बदलली की बहुधा तो कमी होतो. ही सूचना औषध लिहून देताना घरच्यांना स्पष्ट शब्दांत मिळाली, तर एखाद्या घराची पुंजी वाचू शकते.

गोळ्यांचा असर पुरेसा टिकत नाही अशा निवडक रुग्णांसाठी मेंदूत तारा बसवून विजेचे सूक्ष्म झटके देणारी ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ ही शस्त्रक्रिया आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे अलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये ती आधुनिक रूपात सुरू केली. योग्य रुग्णाला तिचा फार उपयोग होतो. भारतात तिचा खर्च अनेक लाखांत जातो आणि छातीत बसवलेली साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. म्हणजे हा खर्चही एकदाच करून संपत नाही. बहुसंख्य घरांना हा पर्याय केवळ ऐकण्यापुरता राहतो.

घर बदलते, माणूस ठेवावा लागतो

औषधांनंतरचा थर वैद्यकीय नसलेल्या खर्चाचा. भारतीय पद्धतीच्या संडासात बसता-उठता येत नाही म्हणून कमोड बसवायचा. न्हाणीघरात आधाराचे दांडे, निसरडी फरशी बदलणे, उंबरा काढणे, पलंगाला कठडा, वॉकर, चाकाची खुर्ची, डायपर. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचे, लिफ्ट नसलेले घर सोडून तळमजल्यावर भाड्याने जाणे. चाळीत राहणाऱ्या आणि सार्वजनिक संडास वापरणाऱ्या रुग्णाला यातले काहीच करता येत नाही. त्याचा खर्च पैशात होत नाही, अब्रूत होतो.

पुढे माणूस ठेवण्याची वेळ येते. शहरांत ब्यूरोतून ‘मावशी’ किंवा ‘मामा’ बोलावले जातात. बारा तासांचे ७०० रुपये धरले, तर महिन्याचे २१,००० आणि वर्षाचे २,५२,००० रुपये होतात. दिवसरात्र माणूस हवा असेल तर याच्या जवळजवळ दुप्पट. एका गृहस्थाची सगळी पेन्शन एवढ्यातच संपू शकते. दुसऱ्या बाजूला, हे काम करणाऱ्या मावशीला ना आजारपणाची रजा असते, ना विमा. कंपवाताच्या रुग्णाला अंथरुणातून कसे उठवावे, घास गिळताना काय जपावे याचे शिक्षणही तिला कुणी दिलेले नसते. पैसे देणारे घर आणि कष्ट करणारी बाई दोघेही या व्यवस्थेत पिचतात.

बुडालेली कमाई

हा आजार म्हातारपणाचा समजला जातो, पण काहींना तो पन्नाशीच्या, कधी चाळिशीच्याही आत गाठतो. अमेरिकन अभिनेते मायकेल जे. फॉक्स यांना निदान झाले तेव्हा ते २९ वर्षांचे होते आणि मुष्टियोद्धे मुहम्मद अली ४२ वर्षांचे. या वयात घराचे हप्ते चालू असतात, मुलांची शिक्षणे व्हायची असतात.

कंपवात आधी बारीक हालचालींवर घाला घालतो. शिंप्याला सुईत दोरा ओवता येत नाही, काज करायला दुप्पट वेळ लागतो. सोनाराचा हात डाग देताना हलतो. न्हाव्याच्या हातातला वस्तरा पाहून गिऱ्हाईक उठून जाते. कारकुनाचे अक्षर ओळ पुढे जाईल तसे बारीक होत जाते आणि शिक्षकाचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. हातावर पोट असलेल्या कारागिराला आजारपणाची रजा नसते. त्याची कमाई एका दिवसात बंद होत नाही, गिऱ्हाइकागणिक झिजत जाते. या झिजेची नोंद कुठल्याही सरकारी आकडेवारीत होत नाही.

कायद्याने काही आधार दिला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या परिशिष्टात कंपवाताचा दिव्यांगत्वाचे कारण म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. याच कायद्याच्या कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही किंवा त्याचा दर्जा घटवू शकत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते. हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. खासगी कारखान्यातला जोडारी, दुकानातला विक्रेता, कंत्राटी कामगार त्याच्या बाहेर राहतात आणि देशातले बहुसंख्य कामगार तिथेच आहेत.

प्रमाणपत्राचीही एक अडचण आहे. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो आणि तो तपासणीच्या त्या घटकेला दिसणाऱ्या अवस्थेवरून मिळतो. कंपवाताची अवस्था दिवसातून चार वेळा बदलते. गोळी घेऊन, ‘ऑन’ अवस्थेत मंडळापुढे उभा राहिलेला माणूस ठीक दिसतो. तोच दोन तासांनी परतीच्या एस.टी.च्या पायरीवर गोठून उभा राहतो. तपासणी ‘ऑफ’ अवस्थेचीही व्हायला हवी, एवढी साधी दुरुस्ती या रुग्णांना न्याय देऊ शकते.

शुभंकराचा वेळ

महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांनी दोन सुंदर शब्द रूढ केले आहेत: रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’. कंपवाताच्या खर्चाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी मोजलेला वाटा शुभंकराच्या खात्यावर पडतो.

शुभंकर बहुधा बाई असते: बायको, सून, मुलगी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे दिसले. जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटे होती. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांमध्ये बायकांची रोजची सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुषांची ७६ होती. हे साध्या घरांचे चित्र आहे. कंपवाताच्या मधल्या टप्प्यात आंघोळ, कपडे, भरवणे, फिरवणे, गोळ्या, रात्री कूस बदलवणे धरून रोजचे सहा तास सहज जातात. सहा तासांप्रमाणे वर्षाचे २,१९० तास झाले. आठ तासांच्या दिवसाने मोजले तर ते २७३ कामाचे दिवस भरतात. तासाला फक्त ६० रुपये लावले तरी वर्षाचे १,३१,४०० रुपये होतात. या कामाला पगार नसतो, सुट्टी नसते आणि निवृत्तीही नसते.

या वेळेची किंमत एवढ्यावरच थांबत नाही. चाळिशीतल्या मुलीने नोकरी सोडली तर आजचा पगार जातो, त्यासोबत बढती, भविष्य निर्वाह निधी आणि तिच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूदही जाते. रुग्णाला उचलून-उचलून पाठ आणि गुडघे निकामी होतात. रात्रीची झोप तुटते, कारण रुग्णाला स्वतः कूस बदलता येत नाही. मनावर मळभ येते. एका आजाऱ्यामागे दुसरा आजारी तयार होतो आणि त्याच्या उपचाराचा खर्च कंपवाताच्या खात्यावर कधी लिहिला जात नाही.

बाईच रुग्ण असेल तर गोष्ट आणखी अवघड. तिचा मंदपणा आळस ठरतो, तिची थरथर ‘टेन्शन’ ठरते आणि डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलले जाते. तिची सेवा करणारी दुसरी बाई घरात नसेल, तर तिच्या औषधाच्या वेळा सांभाळायला कुणी नसते. सांभाळणे हे बाईचेच काम, असा ज्या घरात रिवाज आहे तिथे सांभाळून घेण्याची पाळी तिच्यावर आली की तो रिवाज तिच्याच अंगावर उलटतो.

समाजात वावरण्याची किंमत

कंपवात चेहऱ्याचे स्नायू ताठ करतो, चेहरा मुखवट्यासारखा होतो. समोरच्याला वाटते, हा रागावला आहे किंवा याला आपल्यात रस नाही. आवाज खोल जातो, शब्द अडखळतात, चाल अडखळते. अनोळखी माणसे त्याला दारू प्यायलेला समजतात. हात थरथरतो म्हणून वरण सांडते, म्हणून तो पंगतीला बसत नाही, मग लग्नांना जात नाही, मग भिशी, भजनी मंडळ, नाक्यावरचा चहाही सुटतो. घराचा उंबरा हीच त्याच्या जगाची हद्द होते. उदासीनता हे या आजाराचे अंगभूत लक्षण आहे, कारण डोपामिनचा मनःस्थितीशीही संबंध असतो. एकटेपणा तिच्यात भर घालतो.

व्यवहारातल्या अडचणी लहान दिसतात, पण त्यांनी माणसाचे स्वातंत्र्य हिरावले जाते. सही हे त्याचे नेमके उदाहरण आहे. कंपवातात अक्षर बारीक होत जाते, त्यामुळे पस्तीस वर्षांपूर्वी बँकेत दिलेल्या नमुन्याशी आजची सही जुळत नाही आणि स्वतःच्या खात्यातले पैसे काढणाऱ्याचा धनादेश परत येतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी किंवा असमर्थ खातेदाराला दोन साक्षीदारांसमोर अंगठा उमटवून पैसे काढता येतात आणि त्यातला एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असावा लागतो. ७० वर्षांवरील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे २०१७ मध्ये सर्व बँकांना सांगितले गेले आहे. हे हक्क खिडकीवर उभ्या असलेल्या थरथरत्या माणसाला कुणी सांगत नाही. मग खाते मुलाच्या नावावर जाते, मोबाइलवरचे व्यवहार जावई करतो आणि ज्याने घर उभे केले त्याला भाजीचे पैसेही मागून घ्यावे लागतात.

खर्च कोण उचलतो

भारतात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के भाग लोक थेट खिशातून करतात, असे २०२१-२२ चे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा मोठी आहे, पण कंपवाताच्या घराला ती फारशी जाणवत नाही. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता तिच्यात घेतले आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे. या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत. कंपवाताचा रुग्ण दाखल होतो तो पडून खुब्याचे हाड मोडल्यावर किंवा अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाल्यावर. त्याआधीची दहा वर्षे तो घरी गोळ्या घेत असतो, व्यायाम शिकत असतो, मावशीचा पगार देत असतो. त्यातल्या कशालाही या योजनांचे कार्ड चालत नाही. खासगी विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी काही वर्षांची प्रतीक्षा असते आणि बाह्यरुग्ण औषधे बहुधा वगळलेली असतात. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडीबी खाली कंपवाताच्या उपचारखर्चावर वजावट ठेवली गेली, पण ती जुन्या करप्रणालीत आणि आयकर भरण्याइतके उत्पन्न असलेल्यालाच उपयोगी. भूमिहीन मजुराला ती सवलत असून नसल्यासारखी आहे.

जिथे हा हिशेब नीट मांडला गेला, तिथे काय दिसले? अमेरिकेत २०१७ साठी केलेल्या मोजणीत १० लाखांहून थोड्या अधिक रुग्णांचा एकूण भार ५१.९ अब्ज डॉलर निघाला. त्यातले २५.४ अब्ज वैद्यकीय खर्चाचे होते आणि २६.५ अब्ज बुडालेली कमाई, घरच्यांचा वेळ, घरातले बदल, दिव्यांग भत्ते यांचे. उपचार अतिशय महाग असलेल्या देशातही निम्म्याहून जास्त भार रुग्णालयाबाहेरचा होता. भारतात औषधे तुलनेने स्वस्त आहेत आणि देखभाल जवळजवळ पूर्णपणे घरावर आहे. इथे अशीच मोजणी झाली तर घरच्यांच्या वेळेचा वाटा त्याहूनही मोठा निघण्याची दाट शक्यता आहे. अशा मोजणीवाचून धोरण ठरवणे म्हणजे रुग्णालयाच्या बिलालाच आजार समजणे होय.

खर्च कुठे वाचतो

कंपवात बरा होत नसला तरी त्याचा खर्च कमी करता येतो, आणि बऱ्याचदा तो लहान गोष्टींनी होतो. नियमित व्यायामाने चाल, तोल आणि मन तिन्ही सुधारतात. आवाजाचे व्यायाम बोलणे टिकवतात आणि गिळण्याचे तंत्र शिकले की ठसका कमी लागतो. एक टळलेले पडणे म्हणजे एक टळलेली शस्त्रक्रिया. रुग्णालयात दुसऱ्याच आजारासाठी दाखल झालेल्या रुग्णालाही त्याची गोळी ठरल्या वेळी मिळावी म्हणून ब्रिटनमध्ये रुग्णसंघटनेने मोहीम चालवली. वॉर्डच्या सोयीने गोळी दिली की रुग्ण जखडतो, मुक्काम लांबतो आणि बिल वाढते. उलटीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडने कंपवात बळावतो. ही गोष्ट रुग्णाच्या केसपेपरवर ठळक लिहिलेली असावी, त्याला खर्च शून्य.

पुण्यातल्या मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांच्या आजाराचे निरीक्षण करताना एक गोष्ट टिपली. सपाट जमिनीवर पाय गोठणारे काका जिना मात्र सहज चढत-उतरत होते. सोनेजी यांनी जमिनीवर जिन्याच्या पायऱ्यांचा भास देणारे चित्र अंथरले आणि काका त्यावरून चालू लागले. कंपवातात आपोआप होणारी हालचाल बिघडते, पण डोळ्यांना खूण मिळाली तर मेंदू दुसऱ्या वाटेने ती साधतो. फरशीवर हातभर अंतराने चिकटवलेल्या रंगीत पट्ट्याही अनेकांना तोच आधार देतात.

मुंबईत २००१ पासून काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातले पार्किन्सन्स मित्रमंडळ यांनी स्वमदत गट उभे केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. अशा ठिकाणी कुणी थरथरत्या हाताकडे टक लावून पाहत नाही. गोळीच्या वेळा, ब्यूरोचे दर, दाखल्याचे कागद, ठसका लागल्यावर काय करावे याची माहिती एका घरातून दुसऱ्या घरात जाते. घरात कोंडलेला माणूस पुन्हा चार लोकांत येतो. हे काम आज स्वयंसेवकांच्या बळावर आणि मोठ्या शहरांतच जास्त चालते.

प्रतिबंधाचाही एक भाग आहे. पॅराक्वाट या तणनाशकाचा कंपवाताशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. युरोपीय संघात २००७ पासून ते बंद आहे. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा कंपवात व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला, त्यामुळे त्यांना भरपाई मिळू शकते. भारतात पॅराक्वाट शेतांत वापरले जाते, आणि पाठीवर पंप घेऊन, हातमोजे व मुखपट्टीवाचून फवारणी करणारा मजूर रोज दिसतो. त्याला पुढे कंपवात झाला तर त्याचा संबंध त्या फवारणीशी जोडून पाहणारी यंत्रणा आपल्याकडे नाही.

करण्याजोगे

यातून काही निष्कर्ष सरळ निघतात. पहिला, कंपवाताची औषधे जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतून अखंड आणि मोफत मिळावीत, कारण ही गोळी एक दिवसही चुकवून चालत नाही. दुसरा, आरोग्य योजनांत दीर्घ आजारांची बाह्यरुग्ण औषधे, फिजिओथेरपी आणि घरी येऊन शिकवणारा थेरपिस्ट यांचा समावेश व्हावा. खुब्याच्या शस्त्रक्रियेला पैसे देणाऱ्या योजनेने न्हाणीघरातल्या आधाराच्या दांड्याला नकार देणे हे तोट्याचे गणित आहे. तिसरा, दिव्यांगत्वाची तपासणी चढ-उतार लक्षात घेऊन व्हावी आणि सेवेतून न काढण्याचे संरक्षण खासगी नोकरीतही पोहोचावे. चौथा, तालुक्याच्या डॉक्टरला आणि आशा कार्यकर्तीला कंपवाताच्या सुरुवातीच्या खुणा ओळखता याव्यात आणि पुढचा सल्ला दूरध्वनीवरून तज्ज्ञाकडून मिळावा, म्हणजे दर दोन-तीन महिन्यांची फेरी वाचेल.

पाचवा निष्कर्ष शुभंकराविषयी. तिला भत्ता, महिन्यातून काही दिवस सुटका देणारे दिवसनिवारा केंद्र आणि नोकरीत देखभालीची रजा मिळाली पाहिजे. मावशी-मामांना प्रशिक्षण, ठरलेले वेतन आणि विमा मिळाला पाहिजे. घरातल्या पुरुषांनी गोळ्यांचे घड्याळ, आंघोळ आणि रात्रीचे उठणे यांतला आपला वाटा उचलला पाहिजे. त्यासाठी कुठल्या शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

कंपवाताची गोळी डोपामिनची उणीव काही तास भरून काढते. त्यानंतरची उणीव आजवर घरातली एक बाई आपल्या वेळेने, झोपेने आणि कमाईने भरत आली आहे. विम्याच्या कागदांत, योजनेच्या यादीत आणि राष्ट्रीय लेख्यांत तिच्या २७३ दिवसांना स्वतंत्र रकाना मिळेल, तेव्हा या आजाराचा हिशेब पहिल्यांदा पुरा मांडला गेला असे म्हणता येईल.